सोमवारच्या बाटल्या

प्रिय युन-चिंग,

आधी तक्रार. ती केल्याशिवाय मला पुढचं काही सुचणार नाही, हे तुला ठाऊक आहे. आपल्या गल्लीत कचऱ्याची गाडी आता सहा चाळीसला येत नाही, सात दहाला येते. तुला यात विशेष काही वाटणार नाही. रॉटरडॅममध्ये इमारतीखाली मोठाले डबे उभे असतात आणि माणूस मनाला येईल तेव्हा खाली जाऊन मनाला येईल ते टाकून येतो, असं तूच सांगितलं होतंस. म्हणूनच तुला दहा वर्षांत शेजाऱ्याचं नाव कळलं नाही. इथे सहा चाळीस हा माझ्या संसाराचा मधला खांब होता. सहाला लेख संपवायचा, मग भात लावायचा, तो शिजेपर्यंत पिशवीला गाठ मारायची, गाडीचं गाणं कानावर आलं की जिना उतरायचा, आणि परत येईपर्यंत भात नीट मुरलेला असायचा. आता सात दहाला मी तोंडात घास धरून धावते. पचन बिघडलं आहे. लेखांतला विनोद बिघडला आहे, असं संपादक म्हणतो, पण ते तो आधीपासून म्हणतो.

मी महापालिकेला खरमरीत पत्र लिहिलं. त्यांनी उत्तरात माझ्या जागरूकतेचं कौतुक केलं, म्हणजे काही होणार नाही. खालच्या मजल्यावरचे निवृत्त न्यायाधीश म्हणाले, या निर्णयाविरुद्ध अपील करता येतं, पण निकाल लागेपर्यंत आपल्यापैकी कोण राहील सांगता येत नाही. आठवडाभर गल्लीत नुसता गोंधळ. कुणी जुन्या वेळेला उतरतंय, कुणी नव्या. कोपऱ्यावरचे दाताचे डॉक्टर तर एकदा पिशवी घेऊन उतरले आणि गाडी येत नाही म्हणून पिशवी घेऊनच दवाखान्यात परत गेले. थोडक्यात, गाडी कधी येईल याचा कुणालाच भरवसा उरला नव्हता. हे लक्षात ठेव. पुढे लागणार आहे.

आता तुझ्या फोटोंच्या प्रदर्शनाकडे येते. त्याबद्दल तू गॅलरीवाल्या फानला लांबलचक मेल लिहिलीस: चौकटी कशा, दिवे कुठून, कुठला फोटो कुठल्या उंचीवर. मला मात्र एकच ओळ. ‘आईला तो फोटो दिसता कामा नये.’ कुठला फोटो, हे तू लिहिलं नाहीस आणि मला विचारावं लागलं नाही. टेबलटेनिस क्लबाचा पिवळा शर्ट, दोन्ही हातांत पिशव्या, गळ्याशी घाम, आणि कचऱ्याच्या गाडीकडे वरातीत निघाल्यासारखे हसत चाललेले तुझे वडील. डाव्या कडेला एक कोपर आहे. ते माझं. पन्नाशीतल्या बाईचं कोपर इतक्या जवळून काढायची काही गरज नव्हती, पण ते भांडण तू आलीस की करू.

तो फोटो काढल्यानंतर महिन्याच्या आत काका गेले. त्यांच्या सातव्या दिवशी मी तुझ्या शेजारीच उभी होते. भिक्षुणी मंत्र म्हणत होत्या, उदबत्त्यांच्या धुरानं डोळे चुरचुरत होते, आणि काकू मान न वळवता, नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, “फोटो काढायला तुला वेळ होता. हातातली पिशवी घ्यायला नव्हता.” चारचौघांत. डॉक्टरांनी काकांना वजन उचलू नका म्हणून सांगितलं होतं, जिना कमी करा म्हणून सांगितलं होतं, आणि चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या, लिफ्ट नसलेल्या माणसानं जिना कसा कमी करायचा हे मात्र सांगितलं नव्हतं. अंत्यविधी आटोपले आणि तू विमानात बसलीस. तेव्हापासून तू रविवारी फोन करतेस, काकू “जेवलीस का?” विचारतात, आणि तू काय जेवलीस हे सांगायच्या आत फोन ठेवतात. हे मला भिंतीतून ऐकू येतं. मुद्दाम ऐकत नाही. भिंतच तशी आहे.

तुला एक गोष्ट मी फोनवर पूर्ण सांगितली नव्हती. काका गेल्यापासून काकू खालीच उतरल्या नव्हत्या. एकदाही नाही. भाजी दाताच्या डॉक्टरांची बायको आणून द्यायची, औषधं मी. संध्याकाळी त्या कचऱ्याची पिशवी दाराच्या मुठीला अडकवून ठेवायच्या, मी गाडीकडे जाताना ती उचलायची. आम्हाला आपण फार चांगलं करतोय असं वाटत होतं. तशी मी त्या घराची देणेकरीणही होते. माझा नवरा ताइचुंगच्या त्या योगशिक्षिकेबरोबर निरोगी आयुष्य जगायला निघून गेला, त्या हिवाळ्यात मी अंथरुणातून उठत नव्हते. तेव्हा माझ्या दाराला अडकवलेली पिशवी काकांनी रोज नेली. एक शब्द विचारला नाही. फक्त एकदा दारातून म्हणाले, “पी-श्या, पिशवीत नुसती नूडल्सची पाकिटं दिसतात. भाजी खात जा.” कचऱ्यावरून माणूस ओळखणारा दुसरा मी पाहिला नाही.

आणखी एक देणं राहिलंय. काका दवाखान्यात जायच्या आदल्या संध्याकाळी माझ्याकडच्या पिशव्या संपल्या होत्या. महापालिकेच्या निळ्या पिशवीशिवाय गाडीवाला कचरा गाडीत टाकू देत नाही, आणि गाडी तर कोपऱ्यावर वाजत होती. काकांनी आपल्या घरातला पिशव्यांचा कोरा गुंडाळा माझ्या हातात कोंबला आणि म्हणाले, “उद्या दे.”

असो. प्रदर्शन.

आपल्या इमारतीखाली जिथे स्कूटर दुरुस्त व्हायच्या, तिथे फानची गॅलरी आहे हे तुला माहीत आहे. पण त्यानं जमिनीवरचे तेलाचे डाग तसेच ठेवून भोवती पांढरी पट्टी आखली आहे, हे माहीत नसेल. उद्घाटनाला आलेले निम्मे लोक आधी त्या डागाचे फोटो काढत होते. सगळ्यांचे कपडे काळे. दारात फानचं निवेदन होतं, पुरुषभर उंच. त्यात तुझ्या फोटोंना ‘महानगरी देहाच्या दैनंदिन त्यागाची दृश्यसंहिता’ असं म्हटलंय. मी दोनदा वाचलं. न्यायाधीशांनी चष्मा लावून वाचलं आणि म्हणाले की त्यांच्या कोर्टात असं वाक्य कुणी लिहून आणलं असतं तर त्यांनी खर्चासह फेटाळलं असतं.

पण फोटो, युन-चिंग. फोटोंची थट्टा करायचं ठरवून मी गेले होते, लेखाचा मथळासुद्धा तयार होता. तो तसाच राहिला. तीच आपली गल्ली, तेच लोक, नळाला पाणी येतं तितकी साधी गोष्ट. माणसं पिशव्या घेऊन उभी आहेत आणि गाडीची वाट पाहताहेत. कुणी जांभई देतंय, कुणी सुनेची तक्रार करतंय, एक मुलगी एका हातात उष्ट्याची बादली धरून दुसऱ्या हातानं लिपस्टिक लावतेय. दिवसभर सगळे आपापल्या दाराआड असतात आणि संध्याकाळी तेवढा वेळ एकमेकांसमोर येतात, तेही हातात आपापली घाण घेऊन. काका त्याला संसद म्हणायचे. गाडी यायच्या कितीतरी आधी जाऊन उभे राहायचे. मी रोज त्यात असते आणि मला ते कधी दिसलं नव्हतं. हे मी छापील लिहिणार नाही, म्हणून इथे लिहिते.

तुझा तो फोटो फाननं समोरच्या भिंतीवर मधोमध लावला होता. मी त्याला म्हटलं, हा काढ, निदान खांबामागे ने. तो म्हणाला की प्रदर्शनाचा श्वास त्या फोटोत आहे. मी म्हटलं, या फोटोतल्या माणसाची बायको चार मजले वर आहे आणि मला तिच्या श्वासाची काळजी आहे. ऐकलं नाही. शेवटी गल्लीत सगळ्यांना बजावून ठेवलं की काकूंसमोर प्रदर्शनाचा विषयसुद्धा काढायचा नाही. त्या खाली उतरतच नव्हत्या, त्यामुळे ते सोपं वाटलं.

तू मेलमध्ये लिहिलं होतंस की गाडीच्या गाण्याचं रेकॉर्डिंग कानाला लावायच्या हेडफोनमधून ऐकवायचं. फानला वाटलं, अनुभव रस्त्यावर सांडला पाहिजे. त्यानं दारात स्पीकर ठेवला. हा मुलगा कोपनहेगनला शिकलेला, आईवडिलांच्या घरी कचरा नोकराणी नेते. तैपेईत दिवसाढवळ्या ते गाणं मोठ्यानं वाजवलं तर काय होईल, हे त्याच्या डोक्यात आलंच नाही. शनिवारची दुपार, तीन वाजलेले. त्यानं बटण दाबलं.

आधी वर एक खिडकी उघडली. मग दुसरी. मग जिन्यांवरून चपलांचे आवाज, कुठेतरी झाकण पडल्याचा आवाज, कुणीतरी ओरडलं की आता काय दुपारी पाठवायला लागले का हे, आणि बघता बघता अख्खी गल्ली गॅलरीच्या दारात. न्यायाधीश माझ्याबरोबर आत चहा पीत होते; तेही कप ठेवून घरी धावले आणि पिशवी घेऊन आले. अहो, हे रेकॉर्डिंग आहे, तुम्हीच तर आत ऐकलंत, असं मी म्हटलं, तर म्हणाले, हो, पण पाय ऐकेनात. डॉक्टर हातमोज्यांसकट आले. मागाहून कळलं की खुर्चीत एक बाई तोंड उघडं ठेवून तशीच पडली होती. काळ्या कपड्यांतल्या मंडळींना हे सगळं कार्यक्रमाचाच भाग वाटलं. त्यांनी टाळ्या वाजवल्या. कला समीक्षक म्हणून आलेल्या एका बाईंनी न्यायाधीशांना फार हळुवारपणे विचारलं की या पिशवीतून तुम्ही काय मांडू पाहताय. ते म्हणाले, “मासे. कालचे.” बाईंनी ते लिहून घेतलं.

मी हसत होते. इतक्या दिवसांनी पोट धरून हसत होते आणि त्यामुळे जिन्यातल्या चपलांचा आवाज मला उशिरा ऐकू आला. तो आवाज मी झोपेतही ओळखीन. उजव्या पायाची चप्पल जरा घासते.

काकू दारात उभ्या. घरातला गाऊन, विस्कटलेले केस, एका हातात निळी पिशवी, दुसऱ्या हातात धुऊन निथळवलेल्या बाटल्या. त्यांनी म्हणे आधी माझं दार बडवलं होतं. गाडी वाजतेय, पिशवी मुठीला तशीच लटकतेय, आणि न्यायला कुणी येत नाही. मी घरात असते तर त्या उतरल्याच नसत्या. हे मला त्या क्षणी कळलं आणि थोडं लागलंही. इतके दिवस मी त्यांची नुसती पिशवी नेत नव्हते, त्यांचा जिनाही काढून घेतला होता.

“गाडी आलीय आणि तू चहा पितेस,” त्या मला म्हणाल्या.

मी तोंड उघडलं, पण त्याआधी लोक बाजूला झाले. म्हाताऱ्या बाईला वाट द्यायची म्हणून झाले, आणि समोरची भिंत मोकळी झाली. मी पुढे होऊन आड उभी राहिले. मी काही कमी रुंद नाही, पण तू तो फोटो माझ्याहून रुंद छापला आहेस. काकूंनी मला कोपरानं बाजूला केलं.

त्या फोटोसमोर जाऊन उभ्या राहिल्या. फाननं गाणं बंद केलं. तेवढी अक्कल त्याला सुचली. गल्लीतले सगळे पिशव्या घेऊन उभे. मला तेव्हा फक्त एवढंच दिसत होतं की सातव्या दिवशी जे त्या म्हणाल्या ते आता पुन्हा म्हणतील, या सगळ्यांसमोर, आणि मग तुला कायमचं परत येता येणार नाही.

“हा सोमवार आहे,” काकू म्हणाल्या.

कुणाला काही कळलं नाही.

“तो पिवळा शर्ट सोमवारचा. क्लबाचा. सोमवारी कागद असतो आणि हे बाटल्या घेऊन निघालेत बघ. मी खिडकीतून ओरडले होते, बाटल्या उद्या. ऐकून न ऐकल्यासारखं केलं.” मग जवळ जाऊन, नाक काचेला लागेल इतक्या जवळून पाहिलं. “न ऐकल्यासारखं कसलं, मुद्दाम न्यायचे. गाडीवाला परत पाठवायचा, मग त्याच्याशी वाद घालता यायचा. परत येऊन मला सांगायचे, आज फार मजा आली.”

न्यायाधीशांनी घसा साफ केला आणि हे खरं आहे अशी साक्ष दिली. दर सोमवारी, म्हणाले.

काकूंनी हातातल्या बाटल्या खाली ठेवल्या. त्या बोलल्या ते माझ्याकडे न बघता, फोटोतल्या हातांकडे बघत. “पोरीनं पिशवी मागितली असेल.”

मी म्हटलं, मागितली. दोनदा. मी तिथेच होते, ते कोपर माझं आहे. काकांनी तिचा हात झटकला आणि म्हणाले, तू तुझं काम कर, मी माझं करतो.

“दिली नसतीच,” काकू म्हणाल्या. “मला तरी कधी दिली?”

बस, एवढंच. मला एवढंच जाणवलं की गेले कित्येक महिने माझे खांदे कानांपर्यंत चढलेले होते आणि ते आत्ता खाली आले. डॉक्टरांची बायको रडत होती. ती कशालाही रडते, पण या वेळी तिला कुणी हसलं नाही. फाननं खुर्ची आणून दिली. काकू फोटोसमोर बसल्या, आणि थोड्या वेळानं म्हणाल्या की चौकट जरा तिरकी आहे. होती. फान शिडीवर चढला, त्या खालून सांगत राहिल्या, डावीकडे, अजून, आता फार झालं. नंतर त्यानं अदबीनं विचारलं की या बाटल्या फोटोखाली अशाच ठेवल्या तर चालतील का, म्हणजे प्रदर्शनाचा भाग म्हणून. काकूंनी त्याच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती तुला माहीत आहे. लहानपणी आपण दोघींनी ती पुष्कळदा खाल्ली आहे. “आज शनिवार,” त्या म्हणाल्या. “बाटल्यांचा दिवस आहे.” आणि सात दहाला खरी गाडी आली तेव्हा त्यांनी आपल्या बाटल्या आपल्या हातानं नेऊन दिल्या.

त्यानंतर त्या रोज उतरताहेत. बुधवारी आणि रविवारी गाडी नसते, तेव्हा उगाच उतरून कोपऱ्यापर्यंत जाऊन येतात. गुडघे दुखतात म्हणतात, जिन्याला शिव्या देतात, आणि गाडीची वेळ बदलल्याबद्दल माझ्याहून जास्त चिडल्या आहेत. गाडीवाल्याशी त्यांचं पहिलं भांडणही झालं. मला वाटतं तोही सुखावला. मी पिशवी घ्यायला हात पुढे केला तर त्यांनी तो झटकला. घराण्याची पद्धतच आहे ती.

आता हे पत्र का. फोनवर मी हा प्रसंग सांगितला असता तर विनोद करून सांगितला असता आणि तुला मधलं महत्त्वाचं ऐकू आलं नसतं, हे एक कारण. पण खरं कारण ते नाही. हे पत्र मी आपणहून लिहीत नाही. काल गाडीची वाट पाहत उभ्या असताना काकू कोपऱ्याकडे नजर ठेवून मला म्हणाल्या, “तिला कळव, गाडी आता सात दहाला येते. नाहीतर आली की जुन्या वेळेला धावत खाली उतरेल आणि उभी राहील उगाच.” मी म्हटलं, तुम्हीच सांगा की रविवारी फोनवर. “असल्या गोष्टी फोनवर सांगतात होय?” त्या म्हणाल्या. “लिहून पाठव. नीट लिही. सोमवारी कागद, हेही लिही.” तेव्हा लिहिलं. सात दहा. सोमवारी कागद. केव्हा येतेस ते मला नको, त्यांना सांग. आणि या खेपेला “जेवलीस का” विचारल्यावर लगेच उत्तर दे; फोन ठेवायला त्या हल्ली जरा वेळ लावतात, मी भिंतीतून ऐकलंय.

पाकीट चिकटवायच्या आधी मी शेजारी काकूंच्या दाराशी जाऊन आले. दाराच्या मुठीला आता काही नसतं. मी तिथे निळ्या पिशव्यांचा कोरा गुंडाळा अडकवला, आणि घंटी न वाजवता परत आले.

तुझीच,
पी-श्या